तीन औषधांची एक गोळी : क्षयरुग्णासाठी औषधदुकान शोधण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण एप्रिल 2024 मधील आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या दुष्काळी पट्ट्यात राहणारा आणि हंगामात ऊसतोडीला जाणारा एक तरुण क्षयरोगावर उपचार घेत होता. उपचार निम्म्यापुढे गेलेले असताना त्याच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळेनाशा झाल्या, आणि त्या खासगी औषधदुकानांत कोठे शिल्लक आहेत हे शोधून देण्याचे काम आमच्याकडे आले. मिरजेत काही फार्मासिस्ट आणि समाजसेवक मिळून एक लहानसे मदत केंद्र चालवतो, आणि दुर्मिळ किंवा तुटवड्यातील औषध कोणत्या दुकानात आहे हे रुग्णाला कळवणे एवढेच त्याचे काम आहे. रुग्णाची ओळख पटू शकेल असे तपशील येथे बदलले आहेत. औषधे, मात्रा आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

प्रकरण नोंदवून ठेवावेसे वाटले, कारण त्यात औषध मिळवण्यातील खरी अडचण दुकानांच्या संख्येची नव्हती. सांगली-मिरजेत औषधदुकानांना तोटा नाही. नेमके काय मागायचे, ते कोणाच्या चिठ्ठीवर मागायचे आणि दुकानदाराच्या ‘आहे’ या उत्तराचा अर्थ काय घ्यायचा, हे ठरेपर्यंत कितीही फोन केले असते तरी त्यांतून काही निष्पन्न झाले नसते.

पार्श्वभूमी

औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगावर राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमात सहा महिन्यांचा उपचार दिला जातो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, अशी त्याची मांडणी आहे. पूर्वी आठवड्यातून तीन दिवस गोळ्या दिल्या जात. 2017 पासून देशभर रोज गोळी देण्याची पद्धत आली आणि सगळी औषधे एकाच गोळीत एकत्र येऊ लागली. प्रौढांच्या चारच्या गोळीत आयसोनियाझिड 75, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि एथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम असते. तीनच्या गोळीत पायराझिनामाइड नसते आणि बाकीची प्रमाणे तीच असतात. रोज किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरते : 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 किलोला चार, आणि याच हिशेबाने खाली-वर. आमच्या रुग्णाचे शेवटचे नोंदलेले वजन 46 किलो होते. म्हणजे रोज तीन गोळ्या, अठ्ठावीस दिवसांच्या 84, आणि अठ्ठावीस गोळ्यांच्या सरकारी पाकिटांच्या भाषेत तीन पाकिटे.

या गोळ्या केंद्र सरकार एकत्रित खरेदी करून राज्यांना पुरवते आणि रुग्णाला त्या मोफत मिळतात. मार्च 2024 मध्ये ही साखळी अडखळली. केंद्राच्या क्षयरोग विभागाने 18 मार्च 2024 रोजी राज्यांना पत्र पाठवून पुरवठ्याला विलंब होण्याची शक्यता कळवली, तीन महिने पुरतील इतकी औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले, आणि एखाद्या जिल्ह्याला औषध देणे शक्य झाले नाही तर रुग्णाने विकत घेतलेल्या औषधाचा खर्च भरून देता येईल अशीही सोय त्यात ठेवली. त्याआधी दोनच दिवस लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली होती, सांगलीत मतदान 7 मेला होते आणि शासकीय कर्मचाऱ्यांपैकी अनेकांच्या मागे निवडणुकीची कामे लागलेली होती. स्थानिक खरेदी कागदावर सोपी दिसते. पण सगळेच जिल्हे एकाच वेळी त्याच तीन-चार गोळ्यांच्या मागे लागले की घाऊक बाजारातला मालही आटतो.

रुग्णाचे निदान डिसेंबरमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, कारखान्याच्या हंगामात झाले होते. नवरा-बायको दोघेही एका कोयत्यावर, म्हणजे जोडीने ऊस तोडण्याच्या कामावर होते. पहिले दोन महिने त्याने तेथेच गोळ्या घेतल्या, फेब्रुवारीच्या मध्यापासून तीनची गोळी सुरू झाली आणि मार्चमध्ये हंगाम संपताना दुसऱ्या महिन्याची पाकिटे बरोबर घेऊन तो गावी परतला. त्याचे नाव निक्षय या संगणकीय नोंदीत गावाकडच्या आरोग्य केंद्राकडे वर्गही झाले. स्थलांतरित मजुराच्या बाबतीत एवढे जरी नीट झाले तरी अर्धी लढाई जिंकल्यासारखे असते. नाव वेळेवर पोहोचले, गोळ्या मात्र पोहोचल्या नव्हत्या.

पहिला फोन

फोन त्याच्या पत्नीचा होता. आमच्या फार्मासिस्ट ताईंना तिने सांगितले, “ताई, मेडिकलवाला म्हणतोय, तो सरकारी माल हाय, आमच्याकडं येतच न्हाई. आता अकरा गोळ्या राहिल्यात. रोज दोन-दोन दिल्या तर चालतंय का?”

या तीन वाक्यांत प्रकरणाचा बहुतेक भाग आलेला आहे. अकरा गोळ्या म्हणजे तीन दिवसांची पूर्ण मात्रा आणि वर दोन. मात्रा कमी करून दिवस वाढवण्याचा विचार घराघरात होतो. धान्याच्या बाबतीत तो शहाणपणाचा असतो, क्षयरोगाच्या औषधात तो घातक ठरतो, कारण अपुऱ्या मात्रेत जगून राहिलेले जंतूच पुढे औषधाला दाद देईनासे होतात. त्यामुळे ताईंनी प्रथम रोज तीनच गोळ्या, सकाळी उपाशीपोटी, एकदम घ्यायला सांगितले, आणि अर्धवट उपाय करू नका हे दोनदा बजावले. याच कारणाने दुकानात ‘जे मिळेल ते’ आणू नका हेही सांगावे लागले. तिघांपैकी एकच औषध मिळाले म्हणून तेवढेच चालू ठेवणे हे काही दिवस काहीच न घेण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. तुटवड्याच्या काळात ‘काहीतरी पोटात जाऊ द्या’ हा सल्ला आपुलकीने दिला जातो. या आजारात तो कोणीही देऊ नये.

त्यानंतर गोळ्यांच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला. नाव, मात्रा, बॅच आणि मुदत एवढे दिसेल असा फोटो यायला शेजारच्या मुलाची मदत लागली. सरकारी पाकिटावर बाजारातले ब्रँडचे नाव नसते. त्यामुळे रुग्ण दुकानात गेल्यावर ‘ती तांबडी गोळी’ एवढेच सांगू शकतो आणि दुकानदारही खऱ्या अर्थाने काय मागितले जात आहे हे न कळल्यामुळेच ‘नाही’ म्हणतो. रिफाम्पिसिनमुळे गोळी तांबूस असते आणि लघवीही नारिंगी होते, पण रंगावरून औषध ओळखायला जाणे म्हणजे चुकीला आमंत्रण देणे होय.

सरकारी बाजू आधी तपासली. तालुक्याच्या वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांनी चांगले सहकार्य केले. चारच्या गोळ्या थोड्या होत्या, तीनच्या संपल्या होत्या. आजूबाजूच्या आरोग्य केंद्रांत विचारून झाले होते. स्थानिक खरेदीचा माल दहा-बारा दिवसांत अपेक्षित होता. ही मुदत आम्ही लिहून घेतली, कारण पुढे किती गोळ्या विकत घ्यायच्या हे तीवरच ठरणार होते.

चिठ्ठीचा प्रश्न

आता दुकाने शोधायची, असे वाटणे स्वाभाविक होते. पण आधी एक मुद्दा सोडवायचा होता आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सरकारी उपचार घेणाऱ्या क्षयरुग्णाकडे डॉक्टरांची चिठ्ठी नसते. त्याच्याकडे उपचारपत्रिका असते, तिच्यावर त्याचा निक्षय क्रमांक आणि घेतलेल्या गोळ्यांच्या खुणा असतात. गोळ्या केंद्रातूनच मिळत असल्याने चिठ्ठीची गरज कधी पडलेलीच नसते. औषधदुकानदाराला मात्र ही औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. क्षयरोगाची औषधे शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या कायद्यातील यादीत येतात. 2014 पासून लागू असलेल्या या तरतुदीनुसार डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. शिवाय 2018 च्या अधिसूचनेनुसार क्षयरोगाचे औषध नेणाऱ्या रुग्णाची माहिती शासनाला कळवणे हीही दुकानदाराची जबाबदारी आहे. महिन्याकाठी एखादाच गिऱ्हाईक येणार असेल तर या साऱ्या उठाठेवीसाठी माल ठेवायला लहान गावातला दुकानदार तयार होत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. ‘सरकारी माल आहे’ या त्याच्या उत्तरात आळस नव्हता. त्या गावात ही गोळी विकत घेणारे गिऱ्हाईक खरोखरच नव्हते.

आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आम्ही विनंती केली की रुग्णाला पाहून चिठ्ठी लिहावी, आणि तीत ब्रँडचे नाव न लिहिता प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, रोजच्या गोळ्या, दिवस आणि एकूण संख्या असावी. त्यांनी ती लिहिली, नोंदणी क्रमांक घातला, सही-शिक्का केला. हा कागद हाती आल्यावरच दुकानांना फोन करण्यात अर्थ होता. मूळ चिठ्ठी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने मिरजेला जाईल अशी व्यवस्था केली, कारण मिरजेच्या बाजारात हमाली करणारा रुग्णाचा मेहुणा तेथे ती घेऊन दुकानात जाऊ शकत होता. मोबाइलवरचा फोटो दाखवून एच-1 मधले औषध न देणारा दुकानदार काटेकोर आहे असे समजावे. त्याच्याशी वाद घालू नये.

कोणाला विचारायचे

गावाजवळच्या दुकानांपासून सुरुवात करणे हा रुग्णांचा स्वाभाविक मार्ग असतो, आणि तो बहुधा फसतो. दुकानातला माल रुग्णाच्या घराकडे पाहून ठेवलेला नसतो, तो चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे पाहून ठेवलेला असतो. छातीच्या विकारांचे डॉक्टर जेथे बसतात त्याच्या खालच्या किंवा समोरच्या दुकानात क्षयरोगाची औषधे असतात, कारण खासगी उपचार घेणारे रुग्ण रोज तेथूनच घेऊन जातात. दक्षिण महाराष्ट्रात मिरज हे पिढ्यान्‌पिढ्या रुग्णालयांचे गाव आहे. सीमेपलीकडून, विजयपूर-बेळगावकडूनही लोक येतात. रुग्णाच्या गावापासून विजयपूर त्या मानाने जवळ होते आणि तेथील दुकानेही आम्ही यादीत घेतली होती. महाराष्ट्रातील नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी कर्नाटकातही चालते, फक्त देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी तेथे अडू शकते. ही आमच्या डॉक्टरांनी इंग्रजी लिपीतच लिहिली होती.

दुसरा धागा घाऊक विक्रेत्यांचा. किरकोळ दुकानदार ‘कंपनीकडूनच शॉर्ट आहे’ म्हणतो तेव्हा ते खरे असते किंवा त्याने ज्या एका स्टॉकिस्टकडे विचारले त्याच्याकडे माल नसतो, एवढाच त्याचा अर्थ असतो. स्टॉकिस्ट रुग्णाला थेट विकत नाही, पण त्याने कोणत्या दुकानांना अलीकडे माल दिला हे तो ओळखीने सांगतो. आमच्या ओळखीच्या सांगलीतील एका स्टॉकिस्टने अशी काही दुकाने सांगितली आणि शोधाचे क्षेत्र एकदम आटोपशीर झाले.

‘आहे’ म्हणजे काय

फोनवर विचारताना ताईंचे पहिले वाक्य ठरलेले असते : रुग्णाचे नाव न घेता, मूळ औषधांची नावे आणि मिलिग्रॅम सांगून, ‘कृपया पाकीट हातात घेऊन मागचा मजकूर वाचता का’ अशी विनंती. दुकानदाराला ही थोडी अडाणी विनंती वाटते, गर्दीच्या वेळी तो वैतागतोही. या प्रकरणात मात्र तिच्यामुळेच मोठा घोटाळा टळला.

मिरजेतल्या एका दुकानाने ‘तीनचे आहे, पाठवा माणूस’ असे लगेच सांगितले. पाकीट वाचायला लावल्यावर निघाले ते रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड. औषधे तीन खरी, पण आमच्या रुग्णाला हवी ती तीन नव्हेत. कार्यक्रमातील लहान मुलांच्या तीनच्या गोळीतही असेच पायराझिनामाइड असते आणि एथॅम्ब्युटॉल वेगळे दिले जाते, त्यामुळे ‘तीनचे’ हा शब्द ऐकून दुकानदाराने जे काढले त्यात त्याचे काही चुकले असे म्हणवत नाही. दुसऱ्या एका दुकानाने आणखी उदारपणे सुचवले : ‘तीनचे नाही, पण एकेटी-4 आहे, चार म्हणजे जास्तच चांगले.’ एकेटी-4 ही रोजच्या मात्रेची तयार पुडी आणि चांगली प्रचलित आहे. पण तिच्यात पायराझिनामाइड आहे. ते औषध पहिल्या दोन महिन्यांसाठी असते, आणि यकृतावर ताण, सांधेदुखी असे त्याचे त्रास पाहता डॉक्टरांनी बंद केलेले औषध फोनवरच्या संभाषणातून पुन्हा सुरू होणे योग्य नव्हे. नाव नसलेले सरकारी पाकीट आणि आकड्याने ओळखली जाणारी बाजारातली औषधे यांच्या मधल्या फटीत असे अपघात घडतात.

तिसऱ्या उत्तराचा प्रकार वेगळा. ‘मागवून देतो, उद्या येईल.’ हे उत्तर आम्ही ‘नाही’ म्हणूनच लिहितो, आणि उद्या पुन्हा फोन करायचे ठरवतो. दुकानदार खोटे बोलतो असे नाही. पण त्याला स्टॉकिस्टकडून तेवढेच आश्वासन मिळालेले असते आणि तीन दिवसांच्या गोळ्या उरलेल्या माणसाला त्या आश्वासनावर थांबवणे परवडत नाही.

शेवटी रुग्णालयाला लागून असलेल्या एका दुकानात रिफाम्पिसिन 150, आयसोनियाझिड 75 आणि एथॅम्ब्युटॉल 275, म्हणजे सरकारी गोळीशी तंतोतंत जुळणारी, दहाच्या पाकिटातली गोळी मिळाली. चार पाकिटे होती आणि मुदत पुढच्या वर्षापर्यंत होती. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाजूला ठेवायचे कबूल केले. त्याचे नाव आणि कबुलीची वेळ आम्ही नोंदवली. काउंटरवरचा माणूस बदलला की ‘बाजूला ठेवलेले’ पुन्हा कपाटात जाते, हे अनेकदा पाहिलेले आहे.

किती घ्यायच्या, आणि न मिळाल्यास काय

चाळीस गोळ्या म्हणजे तेरा दिवस आणि वर एक गोळी. सगळ्या घ्याव्यात असा मेहुण्याचा साहजिकच आग्रह होता. आम्ही तीस घ्यायला सुचवले. हातातल्या तीन दिवसांत दहा दिवस मिळवले की तेरा होत होते आणि सरकारी माल दहा-बारा दिवसांत येणार होता. त्याच सुमारास याच गोळीसाठी दुसऱ्या एका रुग्णाच्या घरचाही फोन आलेला होता. तुटवड्यात शोध घेणाऱ्या माणसाच्या हाती एक नकोशी सत्ता येते. ज्याचा फोन आधी आला त्याला सगळे मिळवून द्यायचे की दोघांना पुरेल असे पाहायचे, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. आमच्या मते ज्याच्याकडे पुढच्या पुरवठ्याची विश्वासार्ह तारीख आहे त्याने त्या तारखेपुरतेच घ्यावे. उरलेले एक पाकीट दुसऱ्या रुग्णाच्या मुलाने त्याच संध्याकाळी नेले. त्याला आणखी पाकिटे मग सांगलीतून मिळाली. मेहुणा मात्र आमच्यावर थोडा नाराज झाला, आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही झालो असतो.

तारीख टळली तर काय, याची तयारी डॉक्टरांकडून आधीच करून घेतली. बाजारात सहज मिळणारा पर्याय सुट्या औषधांचा होता : आर-सिनेक्ससारखी रिफाम्पिसिन 450 आणि आयसोनियाझिड 300 यांची एक गोळी आणि सोबत कॉम्ब्युटॉलसारखी एथॅम्ब्युटॉल 800 ची एक. रुग्णाच्या तीन सरकारी गोळ्यांत रोज रिफाम्पिसिन 450, आयसोनियाझिड 225 आणि एथॅम्ब्युटॉल 825 मिलिग्रॅम जात होते. म्हणजे रिफाम्पिसिन जसेच्या तसे, एथॅम्ब्युटॉल जवळपास तेवढेच, पण आयसोनियाझिड पाऊणशे मिलिग्रॅमने जास्त. वजनाच्या हिशेबाने 225 म्हणजे किलोमागे 4.9 मिलिग्रॅम आणि 300 म्हणजे 6.5, प्रौढांसाठी किलोमागे 4 ते 6 ही नेहमीची मर्यादा, आणि दिवसाची कमाल 300. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण 46 किलोच्या, हंगामभर राबून अशक्त झालेल्या माणसाला तो चालेल का, यकृताची तपासणी हवी का, हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन चालू आहे ना, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे; दुकानदाराचे नाही आणि आमचेही नाही. आम्ही फक्त हा हिशेब मांडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी जिल्ह्याच्या क्षयरोग अधिकाऱ्यांशी बोलून, थोड्या दिवसांपुरता हा पर्याय मान्य असल्याची वेगळी चिठ्ठी तयार ठेवली, आणि दोन्ही गोळ्या एकाच वेळी मिळत असतील तरच त्या घ्याव्यात अशी स्पष्ट अट तीत घातली.

पुढे काय झाले

मेहुण्याने चिठ्ठी दाखवून तीस गोळ्या घेतल्या. पक्के बिल, त्यावर बॅच क्रमांक आणि रुग्णाचे नाव असावे हे त्याला आधीच सांगून ठेवले होते, कारण खर्चाची भरपाई मागायची तर कोऱ्या कागदावरचा हिशेब उपयोगाचा नसतो. गोळ्या त्याने स्वतः एसटीने नेल्या. चालकाकडे पुडके देऊन पाठवण्याची सोय होती, पण एप्रिलच्या उन्हात काचेजवळ तापणाऱ्या पुडक्यात औषध ठेवणे बरे नव्हे, आणि पुडक्यावर काय लिहायचे हाही प्रश्न होता.

हा दुसरा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पत्नीने पहिल्याच फोनमध्ये गावातल्या दुकानात चौकशी पुन्हा करू नका असे विनवले होते. दुकानात बसणारा मुलगा तिच्या चुलत नात्यातला होता आणि नवऱ्याला ‘तो आजार’ असल्याचे टोळीच्या मुकादमाला कळले तर पुढच्या हंगामाची उचल मिळणार नाही, अशी तिला धास्ती होती. त्यामुळे शोधाची सगळी बोलणी नाव न घेता झाली; नाव प्रथम आले ते मिरजेच्या दुकानातल्या एच-1 नोंदवहीत, जेथे ते कायद्याने यायलाच हवे. औषध शोधून देणाऱ्या अनेक उत्साही मंडळींकडून व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो जसाच्या तसा फिरवला जातो. क्षयरोगाच्या बाबतीत असा एक फोटो माणसाचे काम घालवू शकतो. औषधाची नावे आणि मिलिग्रॅम पाठवली की काम भागते; बाकी सगळे झाकावे.

स्थानिक खरेदीच्या गोळ्या सांगितलेल्या मुदतीत आरोग्य केंद्रात आल्या आणि सुट्या औषधांची चिठ्ठी वापरावी लागली नाही. एकही दिवस न चुकता रुग्णाने जूनमध्ये उपचार पूर्ण केले. मधल्या काळात त्याचे वजन 50 च्या पुढे गेल्याचे पर्यवेक्षकांनी कळवले. पाच किलोंची भर न पडल्याने गोळ्या तीनच ठेवायच्या असे डॉक्टरांनी ठरवले. खर्चाच्या भरपाईचा अर्ज बिल आणि उपचारपत्रिकेच्या प्रतीसह दिला गेला.

आमच्या कामाच्या पद्धतीत या प्रकरणानंतर दोन बदल झाले. पहिला नोंदवहीचा. दुकानाचे नाव आणि ‘आहे’ एवढेच लिहिण्याऐवजी आता पाकिटावर वाचलेला मजकूर, शिल्लक संख्या, मुदत, सांगणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहिली जाते, आणि दोन दिवसांपूर्वीची नोंद कोणालाही सांगितली जात नाही. शिळी माहिती दिली तर रुग्णाचे भाडे आणि रोजगार दोन्ही बुडतात. सरकारी साठ्याची नोंद निक्षय औषधी या प्रणालीत ठेवली जाते, ती कर्मचाऱ्यांसाठी असते. खासगी दुकानांतील साठा आणि ही नोंद एकमेकांना भेटत नाहीत, आणि त्या भेटवण्याचे काम सध्या फोन करणाऱ्या माणसालाच करावे लागते. दुकानदारांनी आपला साठा संकेतस्थळावर मांडावा अशी सूचना वारंवार केली जाते. व्यवहारात रोज चार पाकिटे खपणाऱ्या औषधासाठी कोणताही दुकानदार ते काम नियमित करणार नाही, असे आमचे मत आहे. त्यापेक्षा तालुक्याला एखाद्या दुकानाशी बोलून, तुटवड्याच्या महिन्यांपुरता थोडा माल तेथे ठेवण्याची व्यवस्था जास्त उपयोगी पडेल.

दुसरा बदल चिठ्ठीचा आणि तो आमच्यापेक्षा आरोग्य केंद्राने केला. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या क्षयरुग्णाला गोळ्या देताना तेथील वैद्यकीय अधिकारी आता उपचारपत्रिकेसोबत मूळ औषधांची नावे, मिलिग्रॅम आणि रोजची संख्या लिहिलेली सही-शिक्क्याची चिठ्ठीही देतात. ऑक्टोबरमध्ये टोळ्या निघाल्या तेव्हा अशा चिठ्ठ्या घेऊन गेलेल्यांपैकी एकाचा फोन कर्नाटकातल्या कारखान्यावरून आला होता. त्याने पाकिटावरची तिन्ही नावे आणि आकडे फोनवर स्वतः वाचून दाखवले आणि त्याचे दुकान दुपारच्या आत सापडले.